स्वमग्न मूल आणि घरातली माणसं: सांभाळणाऱ्यांनी क्रमाने शिकायच्या गोष्टी

स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान झालं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता याला काय काय शिकवायचं? बोलायला, एका जागी बसायला, नजरेला नजर द्यायला, मुलांत मिसळायला. यादी लांबत जाते आणि घरातला प्रत्येक जण आपापल्या परीने शिकवायला लागतो. आई चित्रांची कार्डं दाखवते, बाबा सारखं नाव घेऊन हाका मारतात, आजी कुशीत घेऊन समजावते, मोठी बहीण त्याच्या वाटचं उत्तर आधीच देऊन टाकते. महिन्याभरात सगळे थकलेले असतात आणि मूल दुसऱ्या खोलीत जाऊन बसलेलं असतं.

अशा घरांमध्ये मी बरीच वर्षं काम करते आहे. नव्या घरी माझं पहिलं सांगणं एकच असतं: पहिले दोन महिने शिकायचंय ते आपण, मुलाने नाही. साधा हिशेब करून बघा. मूल दिवसाला १२-१३ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ८५ ते ९० तास. त्यातले दोन-तीन तास थेरपीचे. उरलेला सगळा वेळ ते ज्यांच्यासोबत असतं, त्यांना काय येतं यावर बरंच काही ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने याच विचाराने सांभाळणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण तयार केलं आहे. विकासात मागे राहिलेल्या आणि स्वमग्न अशा २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी ते आहे. ९ गटबैठका आणि ३ घरभेटी असं त्याचं स्वरूप आहे, आणि शिकवणारा तज्ज्ञच असला पाहिजे अशी अट नाही. खालच्या पायऱ्या माझ्या कामातून आलेल्या आहेत, पण दिशा तीच आहे.

पायरी १: मूल झोपल्यावर सगळे एकत्र बसा

मुलाला जे जे सांभाळतात ते सगळे हवेत. आई-बाबा, आजी-आजोबा, मावशी, मदतीला येणाऱ्या ताई. या बैठकीत दोन गोष्टी मिटवायच्या.

पहिली म्हणजे दोष कुणाचा हा विषय. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ही स्थिती पहिल्यांदा सविस्तर मांडली. त्यानंतर कितीतरी वर्षं, आईने माया लावली नाही म्हणून मूल असं झालं, हा समज डॉक्टरांमध्येसुद्धा पक्का होता. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. त्यांनी १९६४ मध्ये या समजाला पुराव्यानिशी आव्हान दिलं आणि कारण मेंदूच्या घडणीत शोधायला हवं असं मांडलं. लसीमुळे स्वमग्नता येते या भीतीचं मूळ १९९८ च्या एका शोधनिबंधात आहे. ज्या नियतकालिकाने तो छापला होता त्यानेच २०१० मध्ये तो मागे घेतला. हे सगळं बैठकीत मोठ्याने बोला. आई कामावर जाते म्हणून, बाबा मोबाइल देतात म्हणून, अशी वाक्यं घरात फिरत असतील तर कुणीही आपली चूक दुसऱ्याला दाखवणार नाही. आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या एकमेकांसमोर चुकण्यावरच उभ्या आहेत.

दुसरी गोष्ट भाषेची. 'दोन भाषांनी गोंधळेल, त्याच्याशी फक्त शाळेच्या भाषेत बोला' हा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचं बोलणं लांबतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तुम्हाला ज्या भाषेत लाड करता येतात आणि रागावता येतं, त्याच भाषेत बोला.

पायरी २: आठवडाभर फक्त पाहा आणि लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पुढे अडतात. एक वही करा, सगळ्यांनी तिच्यातच लिहायचं. मत लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं. 'आज फार हट्टीपणा केला' हे मत झालं. 'मिक्सर सुरू झाल्यावर कानांवर हात ठेवले, टेबलाखाली गेला, दहा मिनिटं बाहेर आला नाही' हे दिसलेलं झालं. पहिल्या वाक्यावरून पुढे काहीच करता येत नाही. दुसऱ्यावरून निदान मिक्सर लावण्याआधी सांगता तरी येतं.

चार गोष्टींवर लक्ष ठेवा. त्याला काय आवडतं? कुणी न सांगता ते कशाकडे जातं? हवं ते कसं मागतं: हात धरून नेऊन, रडून, वस्तूजवळ उभं राहून, की शब्दाने? आणि कुठला आवाज, स्पर्श, उजेड, वास किंवा हालचाल त्याला सोसत नाही, कुठली त्याला पुन्हा पुन्हा हवी असते? संवेदनांमधला हा फरक स्वमग्नतेचा भाग आहे. २०१३ पासून तो निदानाच्या निकषांतही आहे. कपड्याच्या आतलं लेबल टोचतं म्हणून मूल कपडे काढून टाकतं, तेव्हा ते खरंच टोचत असतं. उलटही होतं. काही मुलांना भूक, लघवीची भावना किंवा दुखणं वेळेवर कळत नाही. गुडघा फुटला तरी न रडणारं मूल सहनशील नसतं, त्याला ते उशिरा जाणवतं. म्हणून अंघोळीच्या वेळी अंगावर नजर फिरवायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी.

एका घरी आजोबा मला म्हणाले, 'हा खेळतच नाही, नुसती झाकणं फिरवतो.' आठवडाभर त्यांनी वहीत लिहिलं आणि शेवटच्या दिवशीची नोंद होती: 'मोठं झाकण आधी फिरवतो, थांबायच्या बेतात आलं की लहान सोडतो, दोन्ही एकाच वेळी पडली की हसतो.' तो खेळच होता. त्या नोंदीनंतर आजोबांचं त्याच्याशी वागणं बदललं, ते मी पाहिलं आहे.

पायरी ३: रोज दहा मिनिटं त्याच्या खेळात जा

माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे, म्हणून यावर जरा रेंगाळते.

दहा मिनिटं ठरवा. टीव्ही बंद, मोबाइल दूर, समोर दोन-तीनच वस्तू. मुलाच्या समोर बसा, शेजारी किंवा मागे नको. तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर यायला हवा. त्यासाठी जमिनीवर बसावं लागेल, कधी पालथं झोपावं लागेल. तुम्हाला वाटतं तसं ते खेळणार नाही. ते जे करतं तेच तुम्ही करा. ते गाडीचं चाक फिरवत असेल तर तुम्ही दुसऱ्या गाडीचं चाक फिरवा. ते टेबलावर दोनदा थाप मारत असेल तर तुम्हीही दोनदा मारा. थोड्या वेळाने ते तुमच्याकडे चोरून बघेल. ही माझ्यासारखं करते आहे, हे त्याच्या लक्षात आलेलं असतं. मग ते मुद्दाम तीनदा थाप मारतं, तुम्ही काय करता ते बघायला. संवाद सुरू झाला तो इथे, अजून एकही शब्द न बोलता.

आता शब्दांकडे. नव्या माणसाची हमखास चूक म्हणजे प्रश्नांचा मारा. 'हे काय आहे? हा कुठला रंग? सांग ना! काल तर सांगितला होतास!' खेळाची परीक्षा होते आणि मूल उठून जातं. प्रश्न सोडा, जे घडतंय ते सांगा. 'पडलं.' 'गाडी आली.' 'अजून एकदा!' किती बोलायचं याचं साधं माप असं: मूल जितक्या शब्दांत बोलतं त्याहून एक जास्त. ते बोलत नसेल तर तुम्ही एकेक शब्द बोला. ते 'गाडी' म्हणत असेल तर तुम्ही 'लाल गाडी' म्हणा. लांबलचक वाक्यांतून त्याला नेमका शब्द वेचून काढता येत नाही.

आणि थांबा. सगळ्यात अवघड काम हेच. तुम्ही काही बोललात की मनात दहापर्यंत मोजा. नव्या माणसाला दोन सेकंदही फार वाटतात; तो तोच शब्द पुन्हा म्हणतो, मग आणखी मोठ्याने, मग वेगळ्या शब्दांत. मुलाची पहिल्या वाक्याची जुळवाजुळव चालू असताना दुसरं वाक्य येऊन आदळतं आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. एका आईने हाताच्या बोटांवर मोजायची सवय लावून घेतली होती. सातव्या-आठव्या बोटाला तिचा मुलगा उत्तर द्यायचा. तोवर तिला वाटत होतं की त्याला ऐकूच येत नाही. (ऐकण्याची तपासणी मात्र प्रत्येक मुलाची झालेली असावी. ती राहिली असेल तर आधी ती करून घ्या.)

नजरेला नजर देण्याची सक्ती नको. हनुवटी धरून चेहरा वळवू नका. अनेक प्रौढ स्वमग्न माणसांनी सांगितलं आहे की समोरच्याच्या डोळ्यांत बघताना त्यांना अस्वस्थ होतं आणि ऐकण्यावरचं लक्ष उडतं. तुमचा चेहरा सहज दिसेल असं बसलात आणि मजा आली, तर नजर आपोआप येते. नाही आली तरी तुमच्याकडे वळलेले खांदे किंवा पुढे केलेली वस्तू यांतून ते लक्ष देत असल्याचं कळतं.

याच दहा मिनिटांतली पाच मिनिटं आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दोघा-तिघांनी मिळून बघा. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत १५२ लहान मुलांच्या पालकांसोबत अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून, मुलाचे इशारे ओळखायला आणि त्यानुसार प्रतिसाद द्यायला शिकवलं गेलं. २०१० मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पालकांचं वागणं ठळकपणे बदललेलं होतं आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद साधत होती. मुलांमधल्या लक्षणांच्या तीव्रतेत मात्र तेव्हा ठोस फरक दिसला नव्हता. तो दिसला २०१६ मध्ये छापलेल्या पाठपुराव्यात, प्रशिक्षण संपून जवळपास सहा वर्षं झाल्यावर. व्हिडिओ बघताना नियम एकच: आधी जमलेले क्षण शोधायचे. 'इथे तू थांबलीस आणि त्याने चेंडू तुझ्याकडे ढकलला, बघ.' चुका माणसाला स्वतःच दिसतात, त्या मोजून दाखवाव्या लागत नाहीत.

पायरी ४: मागायला शिकवा, बोलायला नंतर

बोलणं म्हणजेच संवाद, असं धरून बसल्याने अनेक घरांची दोन-तीन वर्षं जातात. मुलाला हवं ते मागता आलं पाहिजे: बोटाने, खुणेने, चित्राने, टॅबलेटवरच्या बटणाने किंवा शब्दाने. 'चित्रं दिली तर बोलायचा आळस करेल' ही भीती प्रत्येक घरात निघते. चित्रांमुळे किंवा उपकरणामुळे बोलणं कमी झाल्याचं संशोधनात आढळलेलं नाही; काही मुलांचं तर थोडं वाढलेलं दिसतं. चित्रांच्या देवाणघेवाणीची पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये तयार केली. तिची पहिली पायरी फार सुंदर आहे. मूल चित्र उचलून दुसऱ्या माणसाच्या हातात देतं आणि ती वस्तू त्याला लगेच मिळते. काही सांगायचं तर आधी कुणाकडे तरी जावं लागतं, हे त्यातून ते शिकतं.

घरी मागण्याचे प्रसंग तयार करा. आवडती वस्तू घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात ठेवा. खाऊ एकदम न देता एकेक तुकडा द्या. नेहमीचं बडबडगीत म्हणताना शेवटच्या शब्दाआधी थांबा. झोका मागे ओढून धरा आणि वाट बघा. पण याचा छळ होऊ देऊ नका. मूल थकलेलं, आजारी किंवा रडवेलं असेल तेव्हा वस्तू सरळ देऊन टाका. तहानलेल्या मुलाला शब्द येईपर्यंत पाण्यासाठी ताटकळत ठेवणाऱ्याला मी प्रशिक्षण म्हणत नाही.

ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी परत म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. बऱ्याचदा त्यात अर्थ असतो. मुलाला पाणी हवं असतं आणि ते म्हणतं, 'तुला पाणी हवंय?', कारण पाणी मिळतं तेव्हा त्याने हेच वाक्य ऐकलेलं असतं. 'असं नाही म्हणायचं' असं न म्हणता, त्याच्या तोंडी शोभेल ते वाक्य तुम्ही म्हणा, 'मला पाणी हवंय', आणि पाणी द्या. पुन्हा म्हणायला लावू नका.

एक इशारा. मोठ्या माणसाने मुलाचा हात किंवा कोपर धरून अक्षरं दाखवायची आणि त्यातून मूल बोलतं असं सांगायचं, अशी एक पद्धत आहे. १९९० च्या दशकातल्या काटेकोर चाचण्यांत, लिहिलेला मजकूर हात धरणाऱ्याचा असतो, असं दिसून आलं. तिच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ५: दिवस डोळ्यांना दिसू द्या

बोललेलं हवेत विरतं, चित्र जागेवर राहतं. दिवसातल्या चार-पाच गोष्टींची चित्रं किंवा फोटो एका पट्टीवर क्रमाने लावा आणि गोष्ट झाली की मुलालाच ते चित्र पट्टीवरून उतरवू द्या. ज्याला चित्र समजत नाही त्याच्यासाठी वस्तू वापरा: अंघोळीआधी टॉवेल हातात द्या, बाहेर जाण्याआधी बूट.

दोनच चौकोनांचं 'आधी–मग' कार्ड सगळ्यात उपयोगी पडतं. आधी दात घासणं, मग झोका. त्याची किंमत एकाच गोष्टीवर टिकते, 'मग'चा शब्द पाळण्यावर. दात घासून झाल्यावर 'आता उशीर झाला, झोका उद्या' असं एकदा झालं की ते कार्ड मेलं. बदल होणार असेल तर त्यासाठी एक ठरलेलं चिन्ह ठेवा आणि आवडत्या बदलांपासून त्याची सवय लावा, म्हणजे बदल म्हटलं की वाईटच, असं मनात बसत नाही.

पायरी ६: एका वेळी एक कौशल्य, उलट्या बाजूने

वहीवरून असं एकच काम निवडा, जे रोज करावं लागतं आणि ज्यावरून रोज भांडण होतं. समजा टी-शर्ट घालणं. त्याचे तुकडे पाडा: शर्ट उचलणं, डोकं आत घालणं, एक हात, दुसरा हात, खाली ओढणं. पहिले चार तुकडे तुम्ही करा आणि शेवटचा, खाली ओढण्याचा, मुलाला करू द्या. तो जमला की दुसऱ्या हातापासून पुढचं त्याचं. असं मागून पुढे शिकवलं की प्रत्येक वेळी काम पूर्ण करण्याचा आनंद मुलाला मिळतो. सुरुवातीपासून शिकवलं तर ते अर्ध्यावर अडकतं आणि शेवट तुम्ही उरकता.

मदत किती करायची, यालाही क्रम आहे. आधी थांबा, मग खूण करा, मग करून दाखवा, आणि अगदीच नाही जमलं तर हाताला हलका आधार द्या. तोही मुलाने हात मागे घेतला तर लगेच सोडायचा. जी मदत आज केली ती पुढच्या आठवड्यात थोडी कमी कशी होईल ते आजच ठरवा. नाहीतर मूल शर्ट घालायला शिकत नाही, तुमच्या 'हं, घाल आता' या शब्दांची वाट बघायला शिकतं. आणि शाबासकी नेमकी द्या: 'शर्ट खाली ओढलास!' नुसत्या 'शाब्बास'मधून त्याला काय जमलं ते कळत नाही.

पायरी ७: वागण्याच्या आधी काय झालं ते शोधा

चावणं, ओरडणं, डोकं आपटणं, वस्तू फेकणं. घरचे सगळ्यात आधी हेच विचारतात, आणि मी हे सातव्या पायरीवर ठेवते, कारण आधीच्या सहा पायऱ्या नीट झाल्या तर यातलं बरंच आपोआप कमी होतं. ज्याला मागता येतं त्याला ओरडावं लागत नाही.

वहीत तीन रकाने करा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा कशातून सुटका झाली. दहा-बारा प्रसंग लिहून झाले की ठसा दिसायला लागतो. बहुतेक वेळा चारांपैकी एक कारण निघतं: काहीतरी हवं होतं, काहीतरी नको होतं, कुणाचं तरी लक्ष हवं होतं, किंवा त्या हालचालीतून शरीराला बरं वाटत होतं. याआधी पाचवी शक्यता तपासायची, दुखण्याची. शांत मूल अचानक मारायला लागलं, झोप बिघडली, जेवण सुटलं, तर आधी दात, कान आणि पोट डॉक्टरांकडून तपासून घ्या. बद्धकोष्ठता हे कारण वाटतं त्याहून कितीतरी जास्त वेळा सापडतं.

कारण कळलं की तेच काम करणारी दुसरी रीत शिकवा. नकोसं काम टाळायला मूल चावत असेल तर त्याला 'थांब' असं कार्ड द्या आणि सुरुवातीला ते दाखवल्यावर दर वेळी खरंच थांबा. नुसतं दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर वागणं आधी वाढतं: ओरडून मिळायचं ते मिळेना, तर मूल आणखी जोरात ओरडतं. त्याच वेळी घरातलं कुणी एक जण विरघळलं तर ते शिकतं की आणखी जोरात ओरडायला हवं. म्हणून सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय ही वाट धरू नका.

हट्ट आणि मेल्टडाऊन यांत फरक करायला शिका. हट्टात मूल मध्येमध्ये तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये त्याचा ताबा सुटलेला असतो. हवं ते दिलं तरी ते थांबत नाही. तेव्हा शिकवायचं नाही, समजावायचं नाही, विचारायचं नाही. दिवा मंद करा, आवाज बंद करा, माणसं कमी करा, टोकदार वस्तू बाजूला सरकवा आणि जवळ शांत बसा. एकानेच बोलायचं, तेही दोन-तीन शब्द. बाहेर असाल तर बघणाऱ्यांना उत्तरं द्यायच्या फंदात पडू नका. शांत झाल्यावर मूल गळून गेलेलं असतं, त्याला लगेच जाब विचारू नका. आणि मारणं कधीच नाही. मार खाऊन थांबलेलं मूल घाबरलेलं असतं. का मारलं हे त्याला समजलेलं नसतं.

हात फडफडवणं, डोलणं, गुणगुणणं यांना मात्र हात लावू नका. इजा होत नसेल तर ती त्याची सावरण्याची रीत आहे.

सुरक्षेचं थोडक्यात, पण पहिल्याच दिवशी

घरातून निघून जाणं आणि पाण्याकडे ओढ या दोन गोष्टी एकत्र आल्या की जिवाला धोका होतो. दाराला वरची कडी लावा, भरलेल्या बादल्या आणि टाक्या झाका, शक्य तितक्या लवकर पोहायला शिकवा. मूल दिसेनासं झालं तर सगळ्यात आधी जवळच्या पाण्याकडे धावा. माती, रंगाचे पापुद्रे असं न खाण्याजोगं काही खात असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं लोह आणि शिसं तपासा. एकटक बघत हरवणं किंवा झटके दिसले तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. स्वमग्न मुलांत अपस्माराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. येत असलेले शब्द किंवा कौशल्यं गेली तर वाट बघू नका.

'मुळापासून बरं करतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. त्यांत क्लोरीन डायऑक्साइड पाजणारे आहेत, जे ब्लीच आहे, आणि शरीरातले धातू काढण्याच्या नावाखाली औषधं टोचणारेही; त्या औषधांनी मुलांचे जीव गेले आहेत.

पायरी ८: नव्या माणसाला कसं तयार करायचं

इथवर तुम्ही शिकलात. आता आजी किंवा मदतीच्या ताई. त्यांना सांगून शिकवू नका. आधी तुम्ही करून दाखवा, मग दोघींनी मिळून करा, मग त्यांना करू द्या आणि तुम्ही बघा, मग काय जमलं ते सांगा. आठवड्याला एकच गोष्ट. पहिल्या आठवड्यात फक्त थांबणं आणि दहापर्यंत मोजणं. नवं माणूस येणार असेल तर निदान तीन-चार दिवस जुनं माणूस सोबत असू द्या.

एका पानावर लिहून सगळ्यांना दिसेल असं लावा: त्याला काय आवडतं, काय सोसत नाही, 'हवंय' कसं सांगतं, 'नको' कसं सांगतं, बिनसायला लागलं की सगळ्यात आधी काय दिसतं, शांत कशाने होतं, औषध आणि ॲलर्जी, कुणाला फोन करायचा. आंघोळ आणि शौचाला मदत कोण करेल हेही त्यावर स्पष्ट लिहा, आणि ती नावं मोजकीच ठेवा. ज्याला सांगता येत नाही त्याच्या शरीराची जबाबदारी घरावर जास्त असते.

घरातल्या थोरांना पटत नसेल तर वाद घालू नका. त्यांना वही आणि पेन द्या. ज्या आजोबांबद्दल वर लिहिलं, त्यांनाही माझं काही पटलं नव्हतं, पटलं ते त्यांच्याच नोंदीवरून.

आणि पाळ्या लावा. रात्री कोण उठेल, रविवारी दोन तास आईला कोण मोकळं करेल, भावंडासोबत एकट्याने कोण बसेल, हे वहीत लिहिलेलं असावं. न झोपलेल्या माणसाला दहापर्यंत मोजता येत नाही.

तीन महिने झाले की तिसऱ्या पायरीवरचा पहिला व्हिडिओ आणि आत्ताचा व्हिडिओ एकामागून एक लावा. मुलाकडे नंतर बघा, आधी मोठ्या माणसाकडे बघा. किती प्रश्न विचारले ते मोजा. बोलल्यावर किती सेकंद थांबलात ते घड्याळ लावून मोजा. ते आकडे तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या तीन महिन्यांसाठी एकच नवं काम निवडा.